टाकीतले जावईबापू

नदीचं पाणी गावाला पाजण्याआधी ते एका माशाला पाजून बघायचं, असा पाणीपुरवठा केंद्राचा शिरस्ता होता. पंपघरात काचेची टाकी, तिच्यात नदीच्या पाण्याची अखंड धार आणि धारेखाली वीतभर मासा. तो निवांत असला की पंपचालक झडप उघडी ठेवी. वर येऊन तोंड वासू लागला की बंद करी. प्रयोगशाळेचा अहवाल संध्याकाळी येई. माशाचा जागच्या जागी मिळे आणि त्यावर कुणाची सही लागत नसे.

बसून खायचं आणि जरा मनाविरुद्ध झालं की तोंड वाकडं करायचं, म्हणून पंपचालकाने त्याला जावईबापू म्हणायला सुरुवात केली. स्वतःचा जावई लांब राहत असल्यामुळे यात धोका नव्हता. आता निवृत्ती जवळ आली होती आणि जाताना जावईबापूंना घरी न्यायचं त्याने पक्कं केलं होतं.

"आणा की," बायको म्हणाली होती. "बसून खाणारे दोन झाले, एवढंच."

मग नदीच्या पाहणीवर निघालेल्या मत्स्य विभागाच्या बाई पंपघरात आल्या, टाकीपाशी वाकल्या आणि वाकूनच राहिल्या.

"काका, हा साधा नाही. मिशा बघा. साध्याला दोन जोड्या असतात, ह्याला एकच."

पंपचालक इतकी वर्षं ती उणीव वयावर ढकलत आला होता.

"दुर्मीळ माशांच्या जगाच्या यादीत ह्याची काही चिंता नाही," बाई म्हणाल्या. "डोंगरापलीकडच्या नद्यांत रग्गड आहे. आपल्या नदीत मात्र संपत आलाय, म्हणून इथल्या यादीत संरक्षित. टाकीत ठेवता येणार नाही, घरी तर नाहीच. नदीत सोडावा लागेल."

"माझंही तसंच आहे. घरात रग्गड, ऑफिसात संपत आलोय," पंपचालक म्हणाला. मग टाकीकडे बोट करून, "आणि पाणी कोण चाखणार?"

"दोन जोड्यांचा. त्याची कुठल्याच यादीला काळजी नाही."

साध्या माशाला विष कमी बाधतं का, हे विचारायचं पंपचालकाच्या ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

ठरल्या दिवशी बाई बादली आणि हुकूम घेऊन आल्या, तेव्हा जावईबापू पाण्यावर येऊन तोंड वासत होते. पंपचालकाने आधी झडप बंद केली, मग टाकीत बाजूला भरून ठेवलेलं चांगलं पाणी सोडलं आणि मग बाईंना नमस्कार केला. थोड्याच वेळात गावाचे नळ कोरडे पडले आणि फोन घणघणू लागले.

"मॅडम, ज्या पाण्यात ह्याला सोडायचंय, ते ह्यालाच पसंत नाही."

बाईंनी टाकीकडे पाहिलं, हुकुमाकडे पाहिलं आणि स्टुलावर बसल्या. "पाणी सुधारेपर्यंत राहू दे. सकाळी फोन करते. पाणी कसं आहे ते तुम्हीच सांगा."

जेवताना बायको म्हणाली, "अहो, सांगा की अजून बरं नाही म्हणून. त्या काय रोज बघायला येणारेत? निवृत्तीपर्यंत चालून जाईल."

त्याने भाजी दुसऱ्यांदा घेतली नाही, हे बायकोच्या लक्षात आलं.

सकाळी त्याने नदीची धार पुन्हा टाकीत सोडली आणि बराच वेळ समोर उभा राहिला. मासा तळाशीच राहिला, पर हलवत, दिवाणावर लोडाला टेकल्यासारखा. फोन वाजला.

"काय म्हणतोय?"

पाणी चांगलं आहे की वाईट, हे तो रोज याच फोनवर सांगत आला होता, आणि गाव त्यावर विसंबून पाणी पीत होतं.

"बरं आहे," तो म्हणाला. "पाणीही आणि तोही." मग झडप उघडली.

नदीवर बाईंनी बादली त्याच्याच हातात दिली. त्याने ती कलती केली. मासा बादलीच्या काठाशी अडून राहिला.

"चला, जावईबापू. आता स्वतःचं स्वतः बघा."

ते गेले. जावयाच्या रिवाजाप्रमाणे मागे वळून न बघता.

पंपघरात परतल्यावर त्याने टाकीतल्या नव्या माशाला दाणे टाकले. दोन जोड्या मिशा, अंगावर नवख्याचा संकोच.

"तुमचं नाव कुठल्या यादीत नसेना का," पंपचालक काचेजवळ तोंड नेऊन म्हणाला. "जरा घुसमटलं तरी सांगायचं."