मामासाली आकांची विश्रांती

२० मार्च २०२५ रोजी मामासाली आकांनी हृदयाच्या डॉक्टरांना ३,८५० सोम मोजले आणि ‘विश्रांती घ्या’ एवढे दोन शब्द विकत आणले. पुढचा झटका झेपणार नाही, हे डॉक्टरांनी फुकट सांगितले.

आका, म्हणजे इकडच्या भाषेत दादा, किर्गिझस्तानातल्या ओशच्या बाजारातले तांदळाचे घाऊक व्यापारी. मी एकतीस वर्षे त्यांचा हिशेबनीस. घरी बसणे त्यांना जमणार नाही, हे जाणून उमसुनाय वहिनींनी त्याच संध्याकाळी त्यांना मशिदीत इतिकाफला बसवले. रमजानचे शेवटचे दहा दिवस तिथेच राहायचे, नमाज आणि झोप एवढेच काम. शौचालयाखेरीज बाहेर पडायचे नाही.

“तिथे तरी यांना कोणी भाव विचारणार नाही,” वहिनी म्हणाल्या.

आकांनी दाराशीच फोन इमामांच्या हवाली केला. दुसरा मोज्यात होता.

शौचालयाची मुभा होती, तिचा आकांनी पुरेपूर लाभ घेतला. तिथून मला दिवसाला अकरा-बारा फोन येत. “आठशे पोत्यांचं काय झालं? हळू बोल, मी इबादतीत आहे.”

शेजारच्या गादीवर एर्गेश बाबा होते, निवृत्त बसचालक. मी संध्याकाळी डबा घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतले.

“तुझ्या मालकाचं मूत्रपिंड गेलंय, पोरा. सारख्या खेपा. उपाशी माणूस एवढं आणतो कुठून?”

त्यांनी भोपळ्याच्या बियांची पुडी दिली. इफ्तारनंतर आकांनी त्या निमूटपणे चावल्या.

सातव्या दिवशी उझगेनहून तांदळाचा ट्रक मशिदीच्या फाटकाबाहेर येऊन थांबला. आकांनीच बोलावला होता आणि मलाही. ते फाटक ओलांडून गेले, पोत्यातला एक दाणा दाताखाली धरला, थुंकला. “ओला आहे,” म्हणाले आणि पोत्यावरच बसले. हात छातीवर, चेहरा राखेसारखा.

मी गोळी पुढे केली.

“रोजा आहे,” आका पुटपुटले.

फाटकाच्या आतून एर्गेश बाबा म्हणाले, “आणि हा ट्रक कुठल्या नमाजात बसतो? गीळ ती गोळी.”

आकांनी गोळी घेतली. ट्रक मी परत पाठवला. डॉक्टर येऊन तेच दोन शब्द पुन्हा बोलून गेले. इमामांनी निकाल दिला: आजाऱ्याने रोजा सोडला, त्यात गुन्हा नाही, इतिकाफ मात्र फाटक ओलांडले तेव्हाच मोडला. पुढे कधीतरी रोजा धरून एक दिवस इथे बसा, म्हणजे दोन्ही भागेल.

मोज्यातला फोन माझ्याकडे आला. उरलेले दिवस आका तिथेच राहिले आणि नमाजांच्या मध्ये झोपले.

“दुकान?” त्यांनी विचारले.

“चालू आहे.”

“माझ्याशिवाय?”

“बरं चाललंय.”

हे त्यांना छातीतल्या कळेपेक्षा जास्त लागले.

शेवटच्या संध्याकाळी ते अंगणात भिंतीला टेकून बसले होते. काय करताय, असे मी विचारले.

“काही नाही.”

एकतीस वर्षांत हे उत्तर मी पहिल्यांदा ऐकले. चेहऱ्यावर रंग होता.

ईदच्या दुसऱ्या दिवशी आका दुकानात हजर झाले. दर गुरुवारी वहिनी गादी बांधून ठेवतात, आणि आका म्हणतात, “पुढच्या शुक्रवारी नक्की.” आज १४ नोव्हेंबर, शुक्रवार. आका गोदामात आहेत. मशिदीचा एक दिवस अजून देणे आहे.