सुई बंद केली तेव्हा

त्या अक्काची आठवण आली की अजून माझं डोकं फिरतं.

एकोणीसशे नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावात एका सर्जनच्या दवाखान्यात मी फिजिशियन म्हणून जात असे. अमळनेरकडच्या खेड्यातल्या या म्हातारीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. टाके छान भरत होते, तरी भारी अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालूच. आता ताप, फुगलेलं पोट आणि पाण्यासारखे जुलाब. त्यावर सर्जननी काय केलं, तर आणखी एक अँटिबायोटिक जोडलं आणि वर जुलाब थांबवायच्या गोळ्या दिल्या. आतली घाण आतच कोंडून ठेवायची, याला उपचार म्हणायचं.

तरी उतार पडेना, तेव्हा त्यांनी पेशंट माझ्यावर सोपवला. मी दुर्बिणीने आतडं पाहिलं. अस्तरावर पिवळट चट्टे होते. असे चट्टे पाडणाऱ्या जंतूचं विष शोधायची तपासणी तेव्हा जळगावात होत नव्हती, पण मला शंका उरली नाही. अँटिबायोटिकने पोटातले चांगले जंतू मारले होते आणि त्या वाईट जंतूला रान मोकळं मिळालं होतं. मी दोन्ही इंजेक्शनं बंद केली, त्या गोळ्याही. सलाईन लावलं आणि आव पडते तेव्हा देतात ती मेट्रोनिडॅझोलची साधी गोळी तोंडाने सुरू केली.

संध्याकाळी येऊन पाहते तर अक्काच्या लेकी रडत बसलेल्या, दाराशी जीप उभी. मुलाने विचारलं, "सुई बंद करी दिधी, म्हंजे मायले आते घर लई जावानं शे का?"

आमच्याकडे सुई थांबली की डॉक्टरांनी हात टेकले, असंच समजतात. मी त्याला समजावत होते, तेवढ्यात सर्जन आले आणि नर्सला म्हणाले, "सुरू करा परत. नातेवाईक नाराज व्हायला नकोत."

मी नर्सच्या हातातली सिरिंज काढून घेतली. "पेशंट माझ्यावर सोपवलाय ना? मग नातेवाईक तुम्ही सांभाळा," म्हटलं. ते तणतणत निघून गेले. जीप मात्र दाराशीच राहिली.

हळूहळू जुलाब कमी झाले, पोट उतरलं. एका सकाळी अक्का म्हणाली, "माले भूक लागनी शे." मला रडूच आलं.

घरी जाताना मुलगा सर्जनच्या पाया पडला. मग त्यांनी दिलेला कागद त्याने मला दाखवला. अशक्तपणासाठी म्हणून तेच अँटिबायोटिकचं इंजेक्शन लिहिलं होतं, गावच्या डॉक्टरकडून टोचून घ्यायचं. मी कागद फाडला. हीच सुई तुझ्या आईला मारत होती, असं त्याला बजावून सांगितलं. त्याने मान हलवली, आणि सरळ सर्जनच्या केबिनमध्ये जाऊन त्याच सुईचा दुसरा कागद लिहून आणला.