आत्याचा सवाल

माझ्या आत्याला कुणी मान खाली घालून बोललेलं चालायचं नाही. भाजीवाली असो, भावकीतला जावई असो की तलाठी, बोलता बोलता समोरच्याची नजर दुसरीकडे वळली की ती त्याला मध्येच थांबवायची. "माझ्या तोंडाकडं बघून सांग." माणूस बघायचा, आणि पुष्कळदा त्याचं पुढचं बोलणंच बदलून जायचं.

आमचं गाव देगलूरच्या बाजूला. आत्याला गावातच दिलं होतं. तिचे यजमान, आमचे मामा, लवकर गेले. तिनं शेती सांभाळली आणि एकुलत्या एका बालाजीला वाढवलं. बालाजीदादा माझ्याहून मोठा. दिसायला आत्यासारखाच, उंच आणि रुंद कपाळाचा. त्याच्या ताटात पहिली भाकरी पडल्याशिवाय ती कुणालाच वाढत नसे. मी यावरून चिडवलं तर म्हणायची, "हाव, लाडका हाय. मग काय झालं?"

निवडणूक आली की आत्या प्रत्येकाची सभा ऐकायला जायची, अगदी घरच्या लोकांशी वैर असलेल्यांचीसुद्धा. पदर डोक्यावर घेऊन बायकांच्या पुढच्या रांगेत बसायची. भावकीला ते आवडायचं नाही. कुणी टोकलं तर म्हणायची, "पोरीसाठी चार घरं बघताव का न्हाई? मग हितं का बघू नये?" कार्यकर्ते साडी घेऊन आले की त्यांना चहा पाजायची आणि साडी त्यांच्याच पिशवीत परत ठेवायची. मत कुणाला दिलं ते मात्र कधी सांगितलं नाही.

बालाजीदादा पुढे कंत्राटं घेऊ लागला. गावाच्या पाण्याच्या टाकीसाठी शाळेमागे त्यानं मोठा खड्डा खणून घेतला आणि काम अर्धवट सोडून दुसरीकडे गेला. पावसाळ्यात खड्डा काठोकाठ भरला. भोवती काटेरी तारसुद्धा नव्हती. देगलूरला जीप चालवणाऱ्या गंगाधरची मुलगी अंजू त्यात बुडाली. पहिलीत होती. अपघात म्हणून कागद झाले आणि गाव गप्प बसलं.

पुढच्याच वर्षी दादा सरपंचपदाला उभा राहिला.

वाचनालयातल्या मुलांनी मारुतीच्या देवळापुढे तिन्ही उमेदवारांना एकत्र बोलावलं. उमेदवारांनी बोलायचं, मग गावानं प्रश्न विचारायचे. माझं मत अजून गावातच होतं, म्हणून मी लातूरहून, शिकवत होते त्या शाळेतून रजा घेऊन आले होते. आत्याशेजारी बसले. लोकांनी रस्ता विचारला, घरकुलं विचारली, स्मशानातले दिवे विचारले. खड्ड्याचं कुणी नाव काढेना. गंगाधर मागे आपल्या जीपला टेकून उभा होता.

आत्यानं हात वर केला. माईक तिच्या हातात आला.

"माझा सवाल बालाजीला हाय."

लोक हसले. दादाही हसला. "आई, घरी बोलू की."

"घरी लई बार इचारलं. तू ताटावरून उठून गेलास." ती उभी राहिली. "गंगाधरची अंजू तुझ्या खड्ड्यात बुडून मेली. तार का लावली न्हाईस?"

दादा म्हणाला, "तो अपघात होता. पोलिसांनीबी तसंच लिहिलंय."

"पोलिसाचं न्हाई इचारलं म्या. माझ्या तोंडाकडं बघून सांग."

दादानं मान वळवली. तेवढ्यात माईक बंद पडला. कुणी वायर काढली ते कळलं नाही. आत्या तशीच विचारत राहिली, पण मागून घोषणा सुरू झाल्या आणि तिचा आवाज माझ्यापर्यंतसुद्धा नीट पोचेना. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

परत जाताना गंगाधरनं आम्हाला गल्लीत गाठलं. "आत्याबाई, कशाला काढलं? मला त्यांच्याच गावात ऱ्हायचं हाय." आत्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग तिनंच नजर खाली वळवली. मी तिला अशी कधीच पाहिली नव्हती.

मतदानाच्या दिवशी आम्ही दोघी शाळेत जाऊन आलो. संध्याकाळी दादानं ओसरीवर सगळ्यांदेखत विचारलं, "आई, कुणाला दिलं?"

"तुला न्हाई."

नंतर मी म्हटलं, "आत्या, गप्प राहायचं होतंस." ती म्हणाली, "त्यानं इचारलं. इचारल्यावर काय करू?"

दादा मोठ्या फरकानं निवडून आला. मिरवणूक दारावरून गेली. गुलालानं ओसरी लाल झाली, पण तो आईच्या पाया पडायला आत आला नाही. त्या दिवसापासून आत्याचं ताट बाहेरच्या खोलीत येऊ लागलं. वहिनी ताट ठेवायची आणि न बोलता निघून जायची. नातवंडांनाही तिच्याजवळ फिरकू देत नव्हते. शेवटी मीच तिला लातूरला घेऊन आले.

लातूरला ती फारशी बोलली नाही. दादाचा फोन आला का, एवढं रोज विचारायची. येत नसे. एकदा भाजी निवडताना म्हणाली, "तो निवडून आला त्याचं काही न्हाई गं. माझं लेकरू हाय. पण गावानं ऐकलं, आन् ऐकूनबी त्यालाच दिलं." एवढं बोलून पुन्हा मेथी निवडायला लागली. त्याच हिवाळ्यात ती गेली.

दादानं तिला गावी नेलं. आम्ही पोचायच्या आधीच वेशीवर फ्लेक्स लागला होता. मधोमध आत्याचा फोटो, खाली हात जोडलेला दादा, वर पुढाऱ्यांची रांग. 'मातोश्रींना भावपूर्ण श्रद्धांजली.' दादा खरंच रडत होता. त्याच्या रडण्याबद्दल मला शंका नाही. त्यामुळेच मी त्याच्यासमोर जायचं टाळत राहिले.

सगळं आटोपल्यावर मी मागच्या अंगणात एकटी बसले होते. एक बाई येऊन भिंतीशी उभी राहिली. गंगाधरची बायको. अंजू गेल्यापासून ती या घराची पायरी चढली नव्हती.

"त्या दिवशी माईकवर अंजूचं नाव निघालं," ती म्हणाली. "त्याच्या आधी न्हाई, नंतर न्हाई. घरातबी कुणी काढत न्हाई. हे म्हणतात, काढू नको."

मी सरकून तिला जागा दिली.

"कशी होती अंजू?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग खाली बसली. "लई बोलायची," ती म्हणाली. "झोपेतबी बोलायची." आणि ती सांगू लागली. अंजूचे हट्ट, तिची दोस्तीण, गुडघ्यावरची खूण, शाळेत शिकलेली अर्धीच कविता. पुढच्या दारातून दादा हाका मारत होता, कुणी मोठे पाहुणे आले होते, घरच्यांनी समोर यावं म्हणून. आम्ही दोघी उठलो नाही. ती सांगत होती, आणि मी ऐकत होते.