रेगे सरांची झोपलेली पानं

रेगे सर अर्काइव्ह उघडताना आवाज खाली घेत. समोर साधा कॉम्प्युटर, पण शेजारी पाळण्यात मूल निजलंय असा भाव. आखातात, अल बर्शाच्या आमच्या ऑफिसात पहिल्या दिवशी मी त्यांना काहीतरी विचारायला गेले, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवून स्क्रीनकडे खूण केली. “हळू गं. झोपलेत सगळे.” माणूस जरा चक्रम दिसतोय, असं मी मनाशी म्हटलं.

आमची कंपनी इमारतींची देखभाल बघते. कुठल्या इमारतीचं काय दुखतंखुपतं, ते एका ऑनलाइन जागेत पानापानांनी लिहिलेलं असतं. कुणीही उघडावं, भर घालावी. लिहिणारा नोकरी सोडून मायदेशी गेला की त्याची पानं अर्काइव्हमध्ये जातात. पुसली जात नाहीत, पण कुणाला दिसतही नाहीत. सर त्यांचे राखणदार. दुपारचा चहा घेऊन ती वाचत बसायचे. “हा आपला अब्बास बघ. एसीबद्दल लिहितोय, आणि मध्येच सांगतोय, या गच्चीवरून समुद्र दिसतो.” वाचता वाचता त्यांचे डोळे मिटायचे. खिडकीबाहेर धुरकट उन्हात मेट्रो पाण्याखालून गेल्यासारखी सरकत राहायची.

मग नवी सिस्टिम आली. मॅनेजर नबील म्हणाले, फक्त चालू पानं नव्या जागी जातील, बाकी सगळं गुरुवारी कायमचं पुसायचं. “ओल्ड इज ओल्ड, हबीबी. खलास.”

सर कधी कुणाशी वाद घालत नसत. त्या दिवशी अडून बसले, नबीलना म्हणाले, “सर, इधर आदमी जाता है तो उसके फ्लॅट को पेंट हो जाता है, फोन नंबर दूसरे को मिल जाता है. इतना तो रहने दो.” नबीलचंही घर दूर, कैरोला होतं. “यल्ला, ओके,” ते शेवटी म्हणाले, “बट थर्सडे इज थर्सडे.”

गुरुवारच्या आत जी पानं अर्काइव्हमधून उठतील ती चालू धरली जाणार होती; पण एकेक पान उठवत बसायला वेळ कुठला! एकदम रिस्टोअर करायची सोय होती. मी घाईघाईने सगळ्यांवर खूण करायला गेले, तर सरांनी थांबवलं. “आधी घर, मग माणसं.” म्हणजे इमारतीचं मुख्य पान आधी परत आणायचं, मग त्याच्या पोटातली. उलटं केलं तर ती वाट चुकून भलतीकडेच जाऊन पडतात. तसे आम्ही एकेक इमारत उघडत गेलो. गेलेल्या माणसांची नावं स्क्रीनवर उमटू लागली आणि मला खरोखरच वाटलं, ती सगळी आत येऊन आपापल्या खुर्च्यांवर बसताहेत. सरांनी अब्बासच्या पानाचा फोटो त्याला त्याच्या गावी, कोळिकोडला पाठवला. लगेच उत्तर आलं, “सर, मैं उधर अभी भी हूँ?” सर कितीतरी वेळ चष्मा पुसत होते.

पुढे ते निवृत्त होऊन पुण्याला गेले. एकदा सहज नव्या सिस्टिममध्ये मी त्यांचं नाव शोधलं. अब्बास होता, बाकीचेही सगळे सुखरूप होते. सरांचं एकही पान नव्हतं. त्यांनी स्वतःचं असं काही लिहिलंच नव्हतं, आणि दुसऱ्याचं पान उठवणाऱ्याचं नाव त्यावर येत नाही. मला फार वाईट वाटलं. न राहवून फोन लावला.

“सर, तुम्ही इथे कुठेच नाही हो.”

पलीकडे ते हसले. मग म्हणाले, “बरं झालं की गं. म्हणजे मी अख्खा घरी पोचलो.”