मानाच्या बैलाचा उतार

अमरावतीच्या परकोटाच्या आत आमचं वाचनालय होतं. इमारत जुनी, दगडी, कुणा जहागीरदाराची कचेरी. पायऱ्या अशा उंच की धडधाकट माणूसही वर पोचला की आधी दम खायचा आणि मग वर्तमानपत्र उघडायचा. समितीचे अध्यक्ष वकील होते आणि या पायऱ्यांवर त्यांचा भारी जीव. कमानीला निळा ऑइलपेंट त्यांनीच फासला, कोरीव खिडकीवर पत्रा ठोकला, विजेच्या मीटरसाठी खांबाला भोक पाडलं. पण पायऱ्यांना हात लावायचा नाही, कारण जुनी वास्तू जपली पाहिजे.

माझे वडील बडनेऱ्याला रेल्वेच्या यार्डात होते. तिथल्या अपघातात त्यांचे दोन्ही पाय गेले. मग ते हाताने चालवायच्या तीनचाकीवर फिरायचे. पुस्तकं मी घरी आणून देई, पण वर्तमानपत्रं बाहेर न्यायची मुभा नव्हती, आणि त्यांना ती चार माणसांत बसून, वाद घालत वाचायची होती. एकदा हमालांनी त्यांना उचलून वर नेलं. सदरा वर सरकला, पोट उघडं पडलं, बाकावरची मंडळी हसली. जाईन तर माझ्या गाडीवर जाईन, असं त्यांनी त्या दिवशी ठरवलं.

पायऱ्यांच्या एका कडेला उतार करा, असं त्यांनी समितीला विनवलं. उतारानं इमारतीची शोभा जाईल, हे वकीलसाहेबांनी त्यांना फार प्रेमानं समजावलं.

आता पोळ्याचं ऐका. जहागीरदाराच्या काळापासून मानाच्या बैलाची पूजा कचेरीच्या आतल्या चौकात व्हायची. बैल पायऱ्या कसा चढणार? म्हणून दरवर्षी पायऱ्यांवर फळ्या आणि मुरूम टाकून ऐसपैस उतार करायचे. देखरेखीला खुद्द वकीलसाहेब. त्या दिवशी शोभेची काळजी कुणाला नसे.

एका वर्षी झूल घातलेला बैल वर गेला आणि त्याच्या मागोमाग वडील. गाडी मी ढकलत होते. वाजंत्रीच्या गोंगाटात अडवायचं कुणाला सुचलंच नाही. वडील थेट वाचनाच्या खोलीत शिरले आणि वर्तमानपत्रांत बुडून गेले. पूजा आटोपली, बैल उतरला, आणि मजुरांनी लगोलग उतार काढून वास्तूची शोभा परत आणली. आत गाडीवरचा एक माणूस राहिलाय हे त्यांच्यातल्या कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

बंद करायच्या वेळी वकीलसाहेब दोन हमाल घेऊन आले. वडिलांनी पेपरातून मान वर केली नाही.

"बैलाले उचलून उतरवलं का तुमी?"

बैल वर्षातून एकदा येतो, ती परंपरा आहे, असं वकीलसाहेब म्हणाले.

"मंग मी रोज येतो. मायीबी परंपरा पडू द्या."

पुन्हा फळ्या आल्या, मुरूम आला. वडील आपल्या हातानं गाडी आवरत खाली उतरले. घरी येताना ते खुशीत होते. समितीला आता कळलं असेल, असं त्यांना वाटत होतं. मलाही वाटलं.

समितीनं खरोखरच विचार केला. पुढच्याच बैठकीत एकमतानं ठरलं, की पोळ्याच्या दिवशी वाचनालय बंद ठेवायचं.

उतार दरवर्षी होतच राहिला. संतापानं मी पोळ्याला त्या रस्त्यानं जाणं सोडलं. वडील मात्र जायचे, आणि समोरच्या दुकानापाशी गाडी लावून बैल वर जाताना बघत बसायचे.