कंचं औषध?

आमच्या कॅज्युअल्टीत पेशंट आला की डॉक्टर त्याची नाडी बघायचे, आम्ही सिस्टर बीपी घ्यायचो आणि बायडामावशी त्याचा वास घ्यायच्या. कपडे उतरवून पिशवीत भरायचे, ओकारी पुसायची हे त्यांचं काम. पण शर्ट पिशवीत जाण्याआधी एकदा नाकाजवळ जायचाच. "दारू न्हाय ही, साकर वाडलीया," असं त्या सहज म्हणायच्या आणि पेशंटची साखर खरोखरच वाढलेली निघायची. त्यांच्या माहेरी, सांगोल्याकडे, मेंढरं होती. "शंबरातलं येक आजारी मेंढरू वासानं कळतंय. हितं तर मानूस येकच असतंय की."

पहिल्या दिवशी मी आत पाऊल टाकलं तेव्हा त्यांनी मलाही हुंगलं. "डब्यात शेपू हाय व्हय, सिस्टर?" मला राग आला. मी शहरात, जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, नर्सिंगची पदवी पहिल्या वर्गात मिळवलेली, आणि माझा डबा आयाबाईंनी ओळखावा? शिंगं फुटली होती मला, दुसरं काय.

ती शिंगं दुसऱ्याच आठवड्यात मोडली. भर उन्हाळ्याची दुपार होती. पहिल्या बेडवर मोटारसायकलवरून पडलेला एकजण रक्तबंबाळ, ड्युटीवरचे डॉक्टर त्याला टाके घालण्यात गुंतलेले. तेवढ्यात एका बाईने नवऱ्याला रिक्षातून उतरवलं. पोट धरून वाकलेला, घामाने चिंब, दोनदा ओकलेला. उन्हाळ्यात उलट्यांचे पेशंट रोजचेच. मी केसपेपर घेतला.

"आधी काही औषध घेतलं का?"

"तीन दिस औषदच चाललंय की, मॅडम."

"फरक नाही पडला?"

"पडंल आता. आज सकाळीच संपलं."

मी लिहिलं, 'तीन दिवसांचे औषध पूर्ण.' अक्षरही छान आलं होतं. सलाईन लावलं आणि डॉक्टरांना तिथूनच सांगितलं, "चार नंबरला उलट्या आहेत, सर. सलाईन सुरू केलंय." ते वर न बघताच म्हणाले, "हं, येतो."

काही वेळाने मावशी ओला शर्ट काढायला गेल्या आणि शर्ट नाकाजवळ नेऊन थांबल्या.

"कंचं औषद गं, बाय?"

"डाळिंबावर मारायचं," ती बाई म्हणाली.

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. गावाकडे फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात, हे फ्लॅटमध्ये वाढलेल्या मला कोण सांगणार? तीन दिवस हा माणूस पाठीवर पंप घेऊन बागेत फवारत होता. मी बॅटरीने डोळे बघितले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. तोंडातून लाळ गळत होती, छातीत घरघर सुरू झाली होती. सलाईन लावून मी त्याला वीस मिनिटं नुसतं निजवून ठेवलं होतं.

माझी हाक ऐकून डॉक्टर हातातली सुई ठेवून धावले. विषावर उतारा म्हणून ॲट्रोपिनचं इंजेक्शन, मग पुन्हा, मग पुन्हा. दर वेळी बाहुल्या मोठ्या झाल्या का ते मी बघायचे. मावशींनी हातमोजे चढवले आणि डोक्यापासून नखांपर्यंत त्याला साबणाने धुतलं. पदराने त्याचं तोंड पुसत बसलेल्या बायकोलाही त्यांनी नळाखाली उभं केलं. "तुज्याबी अंगाला लागलंय, बाय. रडायचं मागनं." तासाभराने छातीतली घरघर उतरली. माणूस वाचला.

डॉक्टरांनी घाम पुसला. "वेळेवर ओळखलंस. नवीन असून शाबास."

मावशी दोन हातांच्या अंतरावर बादली घेऊन उभ्या होत्या. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "थँक्यू, सर."

मी बेसिनशी गेले तेव्हा मावशींनी माझा हात ओढून हुंगला. "अजून येतोय. धू. वास हाय तवर धू, पोरी." मी तीनदा हात धुतले. त्या बोलत होत्या ते फवारणीच्याच वासाबद्दल, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गोष्ट तिथे संपली असती तर बरं. नवीन मुलींची तुकडी आली की डॉक्टर माझ्याकडे बोट दाखवायचे. "या सिस्टरनी दुसऱ्याच आठवड्यात विषबाधा ओळखली." मुली माझ्याकडे आदराने बघायच्या, मावशी शेजारी फरशी पुसत असायच्या. मुलींना मी एकच धडा पुन्हा पुन्हा द्यायचे: कुणी औषध म्हटलं की विचारायचं, कोणतं? प्रश्नसुद्धा मावशींचाच, आणि मिरवायचे मी. खरं सांगितलं तर नाव जाईल ही भीती होती. तीन वर्षं अशी गेली, आणि त्या तीन वर्षांत मावशींचं वागणं तसूभर बदललं नाही. माझ्या डब्यातली भाजी त्या झाकण न उघडता ओळखत राहिल्या.

मावशी निवृत्त झाल्या तेव्हा कॅज्युअल्टीतच चहा आणि खारीचा छोटा समारंभ झाला. डॉक्टर मावशींच्या कष्टांबद्दल चांगलं बोलले आणि बोलता बोलता पुन्हा त्या डाळिंबवाल्यावर आले. "आमच्या सिस्टरनी..."

"मी नाही, सर," मी उभी राहिले. "मी केसपेपरवर औषध पूर्ण असं लिहिलं होतं. 'कंचं' हे मावशींनी विचारलं. मी विचारलंच नव्हतं. त्या नसत्या तर तो माणूस गेला असता."

डॉक्टर माझ्याकडे आणि मग मावशींकडे बघत राहिले. मावशींनी खारीचा तुकडा बशीत ठेवला, हात पदराला पुसले आणि माझ्याजवळ आल्या. आता काहीतरी ऐकून घ्यावं लागणार म्हणून मी मान खाली घातली होती.

त्यांनी माझा हात उचलून नाकाजवळ नेला.

"गेला की," त्या म्हणाल्या. "लई दिस लावलंस, पोरी."