पिवळी रेघ तुटली नाही

मी क्वालिटीतला माणूस. मोजलं तेच खरं, बाकी सगळ्या बाता. असले अनुभव सांगणाऱ्यांची मी आजवर भरपूर टर उडवलीय, तेव्हा माझी उडवायची असेल तर खुशाल उडवा...

२०११ साल. तमिळ मुलखात ओरगडमच्या एका कार प्लांटमध्ये नोकरी, आणि राहायला अड्यारला ताईकडे. ताई बँकेत होती. लग्न केलं नव्हतं. रोज नुंगंबाक्कमला स्वतः गाडी चालवत जायची – तिचा सगळा रुबाब त्या जुन्या हॅचबॅकमध्ये होता. एक दिवस म्हणाली, क्लच फार जड झालाय, बघ जरा. मी प्लांटमधला दाब मोजायचा काटा लावला. अकरा किलो, म्हणजे ठीकच. तरी तिची भुणभुण थांबेना. मग नवी केबल टाकली, ग्रीस भरलं, पेडलचा फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीचा मोकळा खेळ, सेट केला, आणि प्लांटच्या सवयीने लॉकनटवरून ब्रॅकेटपर्यंत पिवळ्या मार्करची रेघ ओढली. नट कणभर फिरला तरी ही रेघ तुटते. काटा दहावर आला. ताईला तरी जडच.

जड क्लच नव्हताच. तिचा डावा पाय जात चालला होता. डॉक्टर म्हणाले, स्नायू सुकतायत, इलाज नाही. आणि मी गाढव, महिनाभर केबलशी खेळत बसलो होतो!

ताई एवढंच म्हणाली, "जमतंय तोवर चालवीन."

पुढच्या रविवारी सहज काटा लावला... आठ. मग सहा. मग चार. रेघ अखंड. आमचा मेकॅनिक सेल्वम म्हणाला, पेडल इतकं हलकं म्हणजे क्लच घसरायलाच हवा. चालवून आला, कुठे घसरला नाही. "एन्न सार इदु," हे काय साहेब, म्हणत डोकं खाजवत राहिला.

ताईला वाटायचं, हे माझंच काम. "परत हलका केलास ना रे?" मी हो म्हणायचो. दुसरं काय सांगणार? पाय जेवढा जायचा तेवढं पेडल हलकं व्हायचं आणि ती बँकेत जात राहायची. सांगायला लाज वाटते, पण मला आशा वाटू लागली होती – कुणीतरी आपल्या बाजूने आहे म्हणून.

डिसेंबरात एका सकाळी गाडी बाहेर काढायला बसलो तर पेडल कडक. काटा लावला, अकरा. रेघ जशीच्या तशी. चडफडत वर गेलो, म्हटलं आज मी सोडतो तुला. ताई पलंगाच्या कडेला बसली होती, एकाच पायात चप्पल.

"पाय उचलतच नाहीये," म्हणाली. "क्लचचं राहू दे आता."

मी सगळं उघडून पाहिलं. कारण सापडलं नाही, आजही नाही. ताई त्यानंतर दीड वर्ष होती. दर रविवारी मी खाली जाऊन काटा लावायचो. साडेदहा जरी दिसलं असतं ना, तरी धावत वर जाऊन तिला सांगितलं असतं... प्रत्येक वेळी अकराच.